आपल्या छपरावर पॅनल बसणार

ताईस, तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

मी मजेत आहे. कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून धुसफुसतात का? त्यांना सांग, संस्थेत माझ्यावाचून पान हलत नाही. स्वच्छ ऊर्जा आणि डिजिटल विकास घरोघरी न्यायचा, हे आमचं काम. म्हणजे छपरावर सोलर पॅनल बसवायचं, घरातल्यांच्या हाती टॅब द्यायचा, व्हिडिओ काढायचा आणि सगळं उतरवून पुढच्या घरी न्यायचं. पॅनल एकच आहे.

काल मी ते उतरवत होतो, तेव्हा घरातली म्हातारी खालून म्हणाली, "जपून रे लेकरा. धुवायला नेतोस का?" कॅमेरावाला फिदीफिदी हसला, तशी मी त्याची गचांडी धरली.

मागे लिहिलं होतं ना, व्हिडिओचं सगळं बघते ती? तिने मला बाजूला घेतलं. "डोकं थंड ठेव, नाहीतर घरी जा." मग मऊ आवाजात विचारलं, "तुझी आई चुलीवरच स्वयंपाक करते का रे?"

ताई, तिने पहिल्यांदाच माझ्या घरचं विचारलं! मी सगळं सांगून टाकलं, आईचा खोकलासुद्धा.

रविवारी ती पॅनल आणि कॅमेरा घेऊन आपल्याकडे येतेय. भिंतींची काजळी पुसू नका, तिला ती हवी आहे. आईचा खोकला कसा आहे? औषध सोमवारी सुरू केलं तरी चालेल.

आणि पॅनल संध्याकाळी परत नेणार, हे आईला आधी सांगू नकोस. दिवा लागल्यावर तिचं हसू खरं यायला हवं.

तुझाच,
धाकटा