रांगेच्या डाव्या टोकाला

आंधळगाव,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय हर्षा,

आज सकाळी तळ्याखालच्या बांधीतलं धान कापून झालं. हेमराज दोन बाया घेऊन आला होता. ते गेल्यावर बैलांना पाणी दाखवलं, कालची भाजी गरम करून जेवलो. दुपारी पडलो, पण झोप आली नाही, म्हणून हे लिहायला बसलो. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

काल तू म्हणालीस, “बाबा, गुरुवारी डॉक्टरीणबाईंना सांगून देते, नुसतं काढून टाका. ते बसवणं-बिसवणं नाही पाहिजे मला. आई नाही राहिली का तशीच?” मी बरं म्हणालो आणि धानाचं बोलायला लागलो. पण रात्रभर तुझं शेवटचं वाक्य डोक्यात होतं. तुझ्या सासूबाई परवा म्हणाल्या, “जीव वाचून राहिला तं देवाले नारळ फोडा. पोरगी लग्नाले येऊन राहिली, आता कोणाले दाखवाचं हाय?” ते बोलणं तू मनावर घेऊ नयेस, एवढं प्रवीण तुला सांगेल. आईबद्दलचं मात्र मलाच सांगावं लागेल, कारण ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

ऑपरेशनमध्ये तुझ्या आईची डावी छाती काढली तेव्हा तिथे असं नवीन बसवता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं हे आम्हाला सुचलं नव्हतं. घरी आल्यावर तिने एक पिशवी शिवली. आधी कापूस भरला. तो हलका, चालताना ब्लाउज वर सरकायचा. मग तांदूळ भरले, ते टोचायचे. शेवटी जुन्या रेशमी कोशाच्या साडीचा तुकडा घेऊन त्यात जवस भरला. जवस गुळगुळीत असतो, बसेल तसा बसतो. ती पिशवी तळहातावर ठेवून हात खालीवर करायची, दोन चिमट्या काढायची, एक घालायची. मी समोर असलो तरी पाठ फिरवायची नाही.

त्या वर्षी धानाच्या रोवणीला ती पिशवी घालूनच बांधीत उतरली. चार दिवस पाऊस, घाम, वाकून काम. रात्री पिशवी दांडीवर टाकायची, सकाळी ओलीच घालायची. पाचव्या दिवशी तिने टाका उसवला तर सगळा जवस चिकट झालेला आणि त्याला मोड आलेले. मला म्हणाली, “पाहा जी, इथं तं पीक निंगालं.” खूप हसली. हसता हसता खाली बसली, आणि मग बराच वेळ उठली नाही. तो जवस तिने कोंबड्यांना टाकला.

नंतर पाण्यातल्या कामाला तिने पिशवी घातली नाही. पदर त्या बाजूने घट्ट खोचायची आणि रोवणाऱ्या बायांच्या रांगेत डाव्या टोकाला उभी राहायची. तू सुट्टीत आलीस तेव्हा म्हणाली होतीस, आई सगळ्यांची पुढारी आहे, टोक सोडत नाही. तिने तसंच समजू दिलं. डाव्या बाजूला कोणी नको, म्हणून ती टोकाला राहायची. आधी ती मधोमध असायची, गाणं तीच उचलायची. टोकावरून गाणं उचलता येत नाही.

पुढे एकदा तपासणीला नागपूरला गेलो होतो. तिथे पवनीच्या पंचफुलाबाई भेटल्या. त्यांनी ऑपरेशनच्या वेळीच नवीन करून घेतलं होतं. त्या तुझ्या आईला बाजूला घेऊन गेल्या आणि दाखवलं. परतताना एसटीत, भंडारा जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, “अजी, मले माहीत असतं तं मीनं करून घेतलं असतं. कोणाले दाखवाले नाही जी. पाण्यात वाकाले.” नंतरही करता येतं, असं पंचफुलाबाईंनी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, या सालची रोवणी होऊ दे, मग विचारू. त्याआधी आजार परत आला. पुढचं तुला माहीत आहे.

मी तुला कर म्हणत नाही. मागच्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो, पण ऐकत होतो. सिलिकॉनचं बसवलं तर ते जन्मभर टिकेलच असं नाही, कधी बदलावं लागतं. आत पू होऊ शकतो, ते कडक होऊ शकतं, किरणं द्यावी लागली तर त्रास वाढतो. पोटाचं मांस घेऊन केलं तर ऑपरेशन मोठं, पण ते आपलंच असतं. स्पर्श पहिल्यासारखा कळणार नाही. आजार त्याने परत येत नाही आणि आला तर लपत नाही. आत्ता नको असेल तर पुढेही करता येतं, आणि काहीच न करणंही चांगलंच, हेही त्या म्हणाल्या. नुसतं काढून टाका असं तू स्वतःच्या मनाने म्हणालीस, तर मी तुझ्या बाजूने आहे. पण आईकडे बोट दाखवून म्हणू नकोस. ती तशी राहिली, तिला तसं राहायचं नव्हतं.

हे मी लिहिलं नसतं. वर्षश्राद्ध झालं, तिचं तिच्याबरोबर राहू द्यावं असं मला वाटत होतं. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी टेबलावर तो सिलिकॉनचा नमुना ठेवला. तू तो तळहातावर घेतलास, हात खालीवर केलास, आणि परत ठेवलास. मी कॅलेंडरवरून नजर काढली ती तेवढ्यापुरती. तो हात मी ओळखतो. गुरुवारी मी येतो. या वेळी तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसेन आणि कुठे दुसरीकडे पाहणार नाही.

आता उन्हं उतरली आहेत. कोंबड्या परसात जमल्या आहेत, त्यांना दाणे टाकायला उठतो.

तुझाच,
बाबा