शत्रूची माहिती

६ जानेवारी
आलो एकदाचा. बेलापूरहून नगर, नगरहून पाथर्डी, आणि शेवटचा तुकडा जीपच्या मागे लटकून. हवालदार सम्राट, पायदळ, सेवानिवृत्त. आजपासून सैनिक भरती अकादमीचा प्रशिक्षक! अकादमी म्हणजे माळावरची पत्र्याची शेडं, धावायचं मैदान, पाण्याची टाकी आणि गेटवर मालक भागवत सरांचा माझ्या दुप्पट उंचीचा फोटो. सर पूर्वी गणिताचा क्लास चालवायचे. बंदूक त्यांनी बहुधा वरातीतच पाहिली असावी. स्वयंपाकाच्या भागिरथीबाईंनी भाकरी-ठेचा वाढला आणि म्हणाल्या, मास्तर, लई बारीक हाय तुमी, ही दांडगी पोरं कशी हाकनार? मी पोटभर हसलो आणि पोटभर जेवलो. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. आपल्याला इथं करमणार.

९ जानेवारी
पोरंपोरी पळतात झकास, पण डोकं वापरायचं म्हटलं की आनंदीआनंद. उद्या दहा जणांची तुकडी हाताखाली आली तर काय कराल, असं विचारलं तर म्हणाली, सगळे मिळून पळू सर. म्हणून सँड मॉडेल सुरू केलं. मैदानाच्या कडेला मातीत समोरचा डोंगर मांडला, चुन्याची पायवाट, हिरव्या रांगोळीच्या बाभळी आणि वरची बंद पडलेली दगडखाण. मग सगळ्यांना भोवती बसवून हुकूम कसा द्यायचा ते दाखवलं. आधी शत्रूची माहिती, मग आपलं उद्दिष्ट, मग ते गाठायचं कसं, मग पाणी-दारूगोळा-जखमी आणि शेवटी इशारे. हा क्रम मोडायचा नाही. ऐकणाऱ्यांनी सगळं परत म्हणून दाखवायचं. तोवर हुकूम पोचला असं धरत नाहीत.

आता या माळावर शत्रू कुठून आणायचा? मीच रचला. खाणीत बसलेली टोळी, अंगावर काळी घोंगडी, जाळ कधी करत नाहीत, झोपत नाहीत. पोरं डोळे फाडून ऐकत होती. मग मलाही चेव चढला.

१४ जानेवारी
तिळगूळ खाऊन पोरं आणखी जड झाली. त्यात अंगद म्हणजे कहर. पोरगा मनाचा सरळ, आईबाप ऊसतोडीला गेलेत, सुट्टीतही इथंच राहतो. पण डोंगराच्या वाटेवर रोज शेवटी, आणि त्याच्यापायी सगळी रांग विस्कटते. शिव्या देऊन माझा घसा बसला.

शेवटी आजच्या हुकुमात शत्रूच्या माहितीत एक ओळ वाढवली: शत्रू समोरून येत नाही, मागे राहिलेल्याला उचलतो. सगळ्यांकडून खड्या आवाजात म्हणवून घेतली. मात्रा लागू पडली! अंगदसुद्धा धापा टाकत रांगेत राहिला. भागवत सर म्हणाले, पोरांना वेसण घालावी तर तुम्हीच. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

१८ जानेवारी
संस्कृती ही आमच्यातली सगळ्यात हुशार पोरगी. तिला चार जण देऊन खाणीची टेहळणी करायला पाठवलं. परत येऊन तिने सांगितलं की खाणीत बसून बसून जमीन दबलीय, काळ्या लोकरीचे धागे पडलेत, राख कुठंच न्हाई. मी झापलं. मी हुकुमात सांगितलेलं नव्हे, डोळ्यांनी दिसलेलं सांगायचं असतं. ती म्हणाली, तुमीच जाऊन बघा सर.

मग मी स्वतः जाऊन आलो. सगळं तसंच आहे. धनगर बसत असतील. पण मेंढरांची लेंडी एकही दिसली नाही.

२१ जानेवारी
अंगद नाही.

सकाळी डोंगर उतरताना त्याचा पाय मुरगळला. तू सावकाश ये, असं मीच म्हणालो. पंधरा पावलांवर वळण होतं. आम्ही वळलो, थांबलो, तो आलाच नाही. मागे गेलो तर वाटेवर नुसता बूट, नाडी बांधलेला.

भागवत सर म्हणाले, पळाला असेल, असली पोरं टिकत नाहीत. पोलिसांत गेलात तर तुमचीच नोकरी जाईल, असंही हसत हसत म्हणाले. अंगदच्या बापाला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. पोरगं बरं हाय न्हवं सायेब, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. हो म्हणालो मी!

२३ जानेवारी
काल पोलिसांत गेलो. नोंद केली, सज्ञान आहे, येईल म्हणाले. आज खाणीत एकटा गेलो, भर दुपारी.

तिथं सँड मॉडेल आहे. आमचं. शेडं, टाकी, मैदान, माझी खोली, सगळं दगडांनी मांडलेलं, नीट, मापात. डोंगराच्या वाटेवर काटक्यांची रांग. शेवटची काटकी उपटून बाजूला ठेवलेली.

म्हणजे तेही हुकूम देतात. आणि त्यांच्या हुकुमात शत्रू आम्ही.

२४ जानेवारी
हुकुमातून आला तर हुकुमातूनच जाईल, म्हणून नवा हुकूम दिला. शत्रू निघून गेला. परत म्हणा, म्हणालो. पुटपुटले. संस्कृतीने विचारलं, जाताना कुनी पाहिला सर? ऐकीव गोष्ट माहितीत धरायची नाही, हे तिला मीच शिकवलंय.

कुणाचाच विश्वास बसला नाही. माझाही.

२५ जानेवारी
आज डोंगर नाही, फक्त मैदान. तरी धावताना आदिनाथ नावाचा पोरगा शेवटी होता आणि मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली. शर्ट फाटला म्हणून सुटला. मानेवर वळ आहेत. बोटं लांब —

आता शेवटी राहायला कुणी तयार नाही. जेवणाच्या रांगेत एकमेकांना तुडवतात. आदिनाथने एका धाकट्या पोराच्या तोंडावर कोपर मारलं. भागिरथीबाई न सांगता गेल्या.

भीती वाटते. रणात इतकी वाटली नव्हती.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं आणि गावातला टेम्पो बोलावला. सगळ्यांना घरी पाठवतोय. चढतानाही मारामारी. म्हणून सांगितलं, शेवटी मी. भागवत सर आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. काच वर केली.

संस्कृती हात पुढे करून म्हणाली, या सर, जागा हाय. जागा होती. पण मी चढलो की मागे कुणीच उरणार नाही, टेम्पोतलाच कुणीतरी शेवटचा ठरणार, आणि मग त्याला —

टेम्पोचा मागचा फाळका बाहेरून मीच लावला.

टेम्पो वळणाआड गेला. पोरं सुटली. बरं वाटलं.

दुपार
खोलीत. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. समोरून येत नाहीत ना, मग पाठीला भिंत असली की —

लख्ख ऊन. मैदान रिकामं.

भिंतीपलीकडे अंगद बोलतोय. खड्या आवाजात, मी शिकवलं तसं, क्रमाने. शत्रू येकटा हाय. खोलीत हाय. पाठ भिताडाला लावून कायतरी लिवतोय.

बाकीचे परत म्हणतायत. खूप आहेत.

भिंतीपलीकडे नाही. अलीकडे —

माहिती संपली. आता तो उद्दिष्ट