इथे फुकट पुसून मिळते

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय मार्लिस,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुमच्या टूसॉनला अजून उकडतच असेल. इथे काल सकाळी यंदा पहिल्यांदा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागला. तुझ्या भावाने लावलेल्या सफरचंदाला इतकी फळं धरली आहेत की मी ती पिशव्या भरभरून चर्चच्या पायरीवर ठेवून येते. नेणारे नेतात, आणि कुणी नेली ते मला माहीत नाही असं मी दाखवते.

पण अकरा महिन्यांनी लिहायला बसले आहे ते सफरचंदांसाठी नाही. मला एका माणसाचं वाटोळं करायचं होतं, ते आज दुपारी झालं. हे सांगावं असं तुझ्याखेरीज कुणी आठवलं नाही. एल्डन तुझा भाऊ होता, आपण बोलत नसलो तरी.

एल्डनचा ट्रक मी ठेवला आहे, हे तुला माहीत आहेच. बोअरची मशीन, पाइप, अवजारं सगळं विकलं, ट्रक नाही. तू त्यात कधी पुढे बसली नाहीस, म्हणून सांगते. डोक्यावर उन्हासाठी ज्या दोन झडपा असतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीने लिहायचा. एकोणीस वर्षं. कुठे किती फुटांवर पाणी लागलं, गोड की लोखंडाच्या चवीचं, तळ्यावरचा बर्फ कधी गेला. मला वाटायचं सगळी धंद्याचीच टिपणं आहेत. तो गेल्यावर एकदा ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्याच्या बाजूची झडप पाडली आणि नीट वाचलं. 'निल्सेन, १४० फूट, गोड.' त्याच्या खाली, '३ मे. बर्फ गेला. आ. भांडी घासताना गात होती.' आणखी खाली, '१७१ फूट, दगड. आ. चिडली आहे, का ते कळत नाही.' अशा एकवीस ओळी माझ्याविषयी होत्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तोंडाने मला 'जेवण बरं होतं' याहून मोठं काही म्हटलं नाही, आणि हे सगळं तो डोक्यावर घेऊन फिरत होता.

त्या ओळींचा फोटो का काढला नाही, असं विचारू नकोस. सगळ्यांनी विचारून झालं. आपल्या स्वयंपाकघराचा फोटो कोण काढून ठेवतं?

सप्टेंबरच्या शेवटी ट्रक ठरल्या वेळेप्रमाणे शोरूममध्ये नेला. तेल बदलायचं, चाकं पुढची मागे करायची, खालच्या सांध्यांना ग्रीस. एवढंच. सकाळी आठची वेळ दिली होती, मी पावणेआठला दारात. काउंटरवर कर्टिस ऑस्टबी, बर्निस ऑस्टबीचा थोरला. आता पन्नाशीचा आहे, टक्कल पडलं आहे, पण आवाज चर्चमध्ये मेणबत्ती धरणाऱ्या पोरासारखाच. "तासाभरात देतो, मिसेस टोर्विक," म्हणाला.

तासाचे दोन झाले, दोनाचे चार. त्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी कुणाचंतरी स्वयंपाकघर फोडून नवं करत होतं आणि कॉफीला जळक्या दोरीचा वास होता. दहा वाजता कर्टिस इंजिनाची हवा गाळणारी जाळी घेऊन आला आणि किती काळी झाली आहे ते दाखवलं. अकराला कागद घेऊन आला, त्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल खुणा. माझा स्वतःचा रिपोर्ट इतका वाईट कधी आला नव्हता. मी सगळ्याला 'बघू' म्हटलं. मग त्याने विचारलं, "आतून स्वच्छ करून देऊ का? या महिन्यात फुकट आहे." मी नको म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणाले. हे लक्षात ठेव. दोनदा नाही म्हणाले.

पावणेदोनला ट्रक मिळाला. दार उघडलं तर लिंबाचा वास. मी आधी आरशाकडे पाहिलं, मग झडप पाडली. कोरी होती, दुकानात नवी मिळते तशी. दुसरी पाडली, तीही कोरी. मी किती वेळ तशी बसले होते माहीत नाही. मागच्या गाडीवाल्याने भोंगासुद्धा वाजवला नाही, उतरून येऊन 'सगळं ठीक ना' विचारलं, तेव्हा कळलं की मी फाटक अडवलं आहे.

गंमत पुढेच आहे. घरी येईपर्यंत इंजिनातून धूर. तेलाचं झाकण तसंच इंजिनावर ठेवून दिलं होतं. आणि ग्रीस केलंच नव्हतं. जे करा म्हटलं ते केलं नाही, जे करू नका म्हटलं ते घासून घासून केलं.

मालक रँडल माझ्यापुढे हात चोळत उभा राहिला. वर्षभर तेल फुकट बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, "तुमचं फुकट मी पाहिलं." मार्लिस, मी आरडाओरडा केला नाही. आपल्याकडे ओरडलं की लोक तुमचीच कीव करतात. मी डूख धरला.

एल्डनच्या शेडमधून प्लायवूडची फळी काढली, पांढरा रंग दिला आणि वर काळ्या रंगात लिहिलं, 'इथे फुकट पुसून मिळते.' शोरूमच्या बरोबर समोर चर्चचं वाहनतळ. पाद्रीबाबांना विचारलं, ट्रक इथे लावला तर चालेल का. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत, त्यांना तरी काय सुटका. दोन ऑक्टोबरपासून सोम ते शुक्र, नऊ ते पाच, मी ट्रकमध्ये. थर्मास, विणकाम, आणि हौद्यात ती पाटी. दोन्ही झडपा खाली पाडलेल्या. जो थांबेल त्याला दाखवायची.

पहिल्या दिवशी तिघे थांबले. चौथ्या दिवसापासून लोक ट्रक दुरुस्तीला न्यायला वळायचे आणि मला पाहून सरळ पुढे जायचे. दर वर्षीचा त्यांचा ग्राहकांचा दिवस होता, फुकट सॉसेज, फुगे. सॉसेज तसंच राहिलं. मला विचारशील तर गेल्या अकरा महिन्यांत मला इतकी शांत झोप लागली नव्हती.

आज नववा दिवस. दोनच्या सुमाराला पोस्टातल्या बाईने खिडकीशी येऊन सांगितलं, की रँडलने कर्टिसला काढलं. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. एल्डनच्या एकवीस ओळी गेल्या, कर्टिसची एक नोकरी गेली. अजूनही मलाच कमी मिळालं आहे.

एल्डन गेला तेव्हा बर्निसने ज्यातून जेवण पाठवलं होतं ते काचेचं भांडं माझ्याकडे आहे, तळाला तिच्या नावाची चिकटपट्टी आहे. तेही मी परत देणार नाही.

थकले आता. उद्या पोस्टात टाकते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्ता वाटतं आहे, पण राहिलं ते राहिलं.

परवा मी नेहमीसारखी नऊला वाहनतळावर गेले. आता कशाला, असं तू म्हणशील. सवय लागली होती. साडेनऊला कर्टिस चालत आला. कामाचा शर्ट नव्हता, म्हणून आधी ओळखलाच नाही. हातात दोन कप.

"कॉफी घेणार?" त्याने विचारलं.

"नको."

"गरम आहे. घ्या ना."

"नको म्हटलं ना."

तो तिथेच उभा राहिला. तिसऱ्यांदा विचारतो की काय असं मला वाटलं, पण नाही विचारलं. दोन्ही कप बॉनेटवर ठेवले.

"मीच पुसलं ते," म्हणाला. "धुणाऱ्या माणसांकडे दिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः केलं. एल्डनचा ट्रक होता म्हणून. पेन्सिलीचे डाग होते, निघता निघत नव्हते. आकडेच दिसले, वाटलं, जुनी मापं आहेत."

"जुनी मापं," मी म्हटलं. "उजव्या झडपेवर वरून पाचवी ओळ. 'ऑस्टबी, १८६ फूट, गोड.' तुझ्या आईची बोअर पण तूच पुसलीस, कर्टिस. ती अजून तेच पाणी पिते."

त्याने मान खाली घातली. मला आणखी बोलायचं होतं. नऊ दिवस मी विणता विणता वाक्यं तयार करून ठेवली होती, ती एकामागून एक बाहेर काढायची होती.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हटलं. "एकदा नाही, दोनदा."

"हो ना," तो म्हणाला. अगदी साधेपणाने. "दोनदाच म्हणालात. माझी आईसुद्धा दोनदा नको म्हणते. सगळेच म्हणतात. तिसऱ्यांदा विचारायचं असतं, मला माहीत आहे. पण तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तुम्हाला हो म्हणावं लागलं असतं, फुकटचं घ्यायला तुम्ही ओशाळला असता. म्हणून म्हटलं, गुपचूप करून टाकावं."

मार्लिस, तुला हे मी काय समजावून सांगू, तूही याच गावात वाढलीस. केकचा तुकडा आपण दोनदा नाकारतो आणि तिसऱ्यांदा 'अगदी लहान दे' म्हणतो. मी नको म्हटलं ते याच सुरात म्हटलं होतं. 'छे, कशाला एवढा त्रास.' मनात खरं नको होतं, पण तोंडून शिष्टाचाराचंच आलं. एक वाक्य जास्त बोलले असते, 'वर माझ्या नवऱ्याचं अक्षर आहे, हात लावू नकोस,' तर काय बिघडलं असतं? पण ते काउंटरवर, चार माणसांत, माझ्या तोंडून निघेना.

तरी मी हार मानली नाही. मी म्हटलं, "तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी कारण सांगितलं असतं. का नाही विचारलंस? माणूस दोनदा नको म्हणाला म्हणजे त्याला नकोच आहे, असं कुणी सांगितलं? तिसऱ्यांदा विचारायला काय पैसे पडत होते?"

आणि हे बोलता बोलता माझा आवाज मलाच ऐकू आला.

तो बिचारा 'चुकलं' म्हणून गेला. कॉफी निवून गेली. मी पाटी काढून घरी आणली आणि दिवसभर टेबलाशी नुसती बसले.

काल मात्र रँडलकडे गेले. कर्टिसला परत घ्या म्हटलं. तो नाही म्हणाला, माझ्यामुळेच तर काढला म्हणाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने खिडकीतून चर्चकडे पाहिलं आणि म्हणाला, "सोमवारी बघतो." सोमवारी नाही बघितलं तर पाटी शेडमध्येच आहे, रंग अजून उडालेला नाही. दयेचा पाझर फुटला म्हणून मी गेले असं समजू नकोस. कर्टिसची शिक्षा मोजायची तर माझीही मोजावी लागेल, म्हणून गेले.

आता ज्याच्यासाठी हे पत्र तीन दिवस लांबवलं ते लिहिते.

एल्डनला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी, तू मला विचारलंस, "डॉक्टरकडे चल असं तू त्याला किती वेळा म्हणालीस?" मी म्हणाले, "तीनदा." आणि वर तुला ऐकवलं, की टूसॉनला बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. त्यावरून आपलं बोलणं थांबलं. मी सगळ्यांना सांगितलं, मार्लिसने भर अंत्यविधीत माझा अपमान केला.

त्या सकाळी तो डावा दंड चोळत होता. मी विचारलं, "दवाखान्यात जायचं का?" तो म्हणाला, "छे, कशाला." मी अंडी वाढली आणि पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "नको, निल्सेन वाट बघतोय." तुमच्याकडे हिवाळ्यात यायला तो आदल्या रात्री नाही म्हणाला होता, त्याचा राग माझ्या मनात होता. मी मनात म्हटलं, जाऊ दे, दरवेळी मीच का आग्रह करायचा. मी भांडी घासायला उठले. गात नव्हते. तो ट्रककडे गेला आणि दारापाशी पडला.

तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो 'बरं, तुझ्यासाठी' म्हणाला असता. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणूनच तू विचारलंस आणि म्हणूनच मी खोटं बोलले. तो माणूस 'चिडली आहे, का ते कळत नाही' लिहायचा. त्या दिवशीची ओळ लिहायला त्याला वेळ मिळाला नाही. मी नऊ दिवस कर्टिसवर जे उट्टं काढत होते ते त्याचं नव्हतं.

तुला आता माझा राग आला तर तो तुझा हक्क आहे. मी तुझ्या जागी असते तर पाटी घेऊन या दारासमोर येऊन बसले असते.

नाताळात तू फोन केलास, मी उचलला नाही. ईस्टरला केलास, तेव्हाही फोनपाशी उभी राहून तो वाजताना ऐकत राहिले. दोन झाले.

तिसऱ्याची वाट बघणारी,
आर्डिस