तेल गाळायचे फडके

श्री.

लिहून ठेवणार मी रखमाबाई, कैलासवासी त्र्यंबक दगडू राऊत यांची थोरली बायको, राहणार कल्याण, खाडीकडील भातगिरणीच्या आवारात. माझे वय साठीच्या पुढे गेले आहे. गुडघे कामातून गेले, परंतु डोळे, कान आणि डोके शाबूत आहे. जीभ शाबूत आहे हे तर सारे कल्याण जाणते. मला कोणी धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही, की काही खाऊ घालून कबूल करवलेले नाही. माझ्यामागे तंटाबखेडा होऊ नये, सबब हे मृत्युपत्र मी बोलते आहे आणि शेजारचे गोपीनाथपंत लिहीत आहेत. मी सांगेन तसेच लिहायचे, पदरचे काही घालायचे नाही, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. गिरणी, इंजिन आणि राहते घर हे माझे स्त्रीधन आहे. इंजिन आणायचे ठरले तेव्हा माझ्या माहेरचे सोने मोडले होते, म्हणून आमच्या मालकांनी तिन्हींचा कागद माझ्या नावे करून दिला. माझी सवत सगुणा हिच्या नावे काही नाही. हे आधी लिहून घेतले, म्हणजे पुढे जे तिला मिळेल ते मी दिले म्हणून मिळेल. हक्काने मिळाले असे तिने कोणाला सांगू नये.

कलम दुसरे. घरात सगुणेने जन्मभर राहावे. तिच्यामागे ते माझ्या भावाचा मुलगा विश्राम, हल्ली राहणार नौपाडा, ठाणे, याने घ्यावे. माझी निजायची खोली मात्र तिने निजायला वापरू नये. तिथे भात भरून ठेवावे.

कलम तिसरे. माझी नथ विश्रामच्या बायकोला द्यावी. तिच्या नाकाला ती मोठी होईल, पण नथ माझ्या नाकात होती तोवर तिच्याकडे एकदा पाहून घेतल्याशिवाय त्या मुलीने मला कधी नमस्कार केला नाही. तांब्याचे घंगाळ सगुणेला. तिने हात धुवावेत. तिच्या हातांना इंजिनाचा वास येतो हे मी तिला रोज सांगते, माझ्यामागे कोण सांगणार?

कलम चौथे, इंजिनाबद्दल. या एका कलमासाठी सारा कागद आहे, तेव्हा सविस्तर लिहावे.

मला मूल झाले नाही, म्हणून मालकांचे दुसरे लग्न मीच लावून दिले. मुलगी मीच पाहिली. टिटवाळ्याची सगुणा काळीसावळी होती, दात किंचित पुढे, बोलणे बेताचे. नवरा भुलणार नाही अशीच पाहून आणली. मूल तिलाही झाले नाही. मी निश्चिंत होते. गोपीनाथपंत म्हणतात, असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हटले, लिहा.

मग इंजिन आले. मुंबईच्या एका कापडगिरणीने काढून टाकलेले, वाफेवर चालणारे. मालकांनी ते उभे केले आणि त्यावर भात सडून तांदूळ काढायला लागले. त्याच्या दांड्याला तेल लागते, आणि ते तेल खाली ठेवलेल्या पसरट पाळ्यात गळते. महागाचे तेल फेकवत नाही. ते फडक्यातून गाळून पुन्हा घालायचे. फडके जुन्या लुगड्याचे, मऊ झालेले लागते. सगुणा आपले जुने लुगडे घेऊन गेली, आणि त्या दिवसापासून नवरा तिचा झाला.

रोज दिवेलागणीला गाळलेले फडके दोघे दिव्याजवळ धरून पाहत. मालक सांगत, ती मान हलवी. मी दाराआड उभी असे. घर माझे, दार माझे, मी कुठेही उभी राहीन. मालकांचे बोलणे मला तोंडपाठ आहे.

“नुसता काळा गाळ असला तर भिऊ नकोस, तो राबल्याचा मळ. काकवीसारखा चिकट झाला तर तेल करपलं समज, नवीन घाल. पांढरा फेस दिसला तर कुठून तरी वाफेचं पाणी शिरतंय. आणि पिवळी चमक दिसली, तर हातातलं काम टाकून इंजिन थांबव. दांड्याखालची पितळी वाटी झिजतेय, तिचाच भुगा तो.”

मला त्यांनी चंद्रहार करून दिला होता. दिव्याशी धरून मात्र कधी काही दाखवले नाही. एकदा मी विचारलेही, मला का नाही दाखवत? म्हणाले, तू मालकीण, तुझे हात कशाला काळे करायचे. लोकांना वाटेल केवढा हा मान. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या बोटांना त्यांच्या बोटांवरचा काळा गाळ लागे, आणि ती तो घासून घासूनही पुरता काढीत नसे. मुद्दाम काढीत नसे, असे माझे आजही म्हणणे आहे. त्या फडक्याचा जितका मत्सर मी केला तितका सवतीच्या रूपाचा करावा लागला असता तर बरे झाले असते. रूप निदान उतरते.

मालक वारले तेव्हा मी सगुणेला इंजिनघरातून काढले आणि विश्रामला ठाण्याहून बोलावून तिथे बसवले. इंजिन माझे, मी कोणालाही बसवीन. ती काही न बोलता चुलीकडे गेली. न बोलणे हा तिचा जुना कावा आहे. सगळे विश्रामला द्यायचे माझ्या मनात ठरले होते, आणि तसा कच्चा कागद गोपीनाथपंतांनी करूनही ठेवला होता. तो फाडला, त्याचे कारण असे.

यंदाचे नवे भात येऊन गिरणी जोरात सुरू झाली. तुसाची धूळ इतकी, की देवळीतल्या दिव्यावरही थर बसतो. मी विश्रामला म्हटले, तेल गाळतोस ते फडके मला आणून दाखव. त्याने लगेच आणले.

“बघ आत्या, दुधासारखं पांढरं. इंजिन असं ठेवलंय मी.”

“कधीपासूनचं फडकं हे?”

“अख्ख्या आठवड्याचं. उगाच नाही म्हणत. त्या सगुणाबाईंचं फडकं बघितलेलं ना तू? काळंकुट्ट. बाईमाणसाला इंजिन कसं जमणार?”

मी बरे म्हटले आणि त्याला जेवायला पाठवले. नव्या भाताच्या दिवसांत फडके पांढरे राहिले, याचा अर्थ एकच. त्यातून तेलाचा थेंबही गेलेला नाही. पोरगा पाळ्यातले घाण तेल तसेच परत ओतत होता, आणि मला दाखवायला कोरे फडके नुसते कडेने चोपडून आणले होते. काळे फडके आणले असते तर मी त्याला इंजिन दिले असते.

मी चुलीशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा सगुणेला इंजिनघरात चल म्हटले. इंजिनाच्या बंबाखाली जाळ घालणारा आमचा बंबवाला आनंदा तिथे होता, त्याने उठून वाट दिली. सगुणेने पाळ्यातले तेल काढले, आपल्या पदराचे टोक फाडले आणि त्यातून ते गाळले. गाळ जाड, चिकट, काकवीसारखा. तिने फडके दिव्याशी धरले. ती काही बोलायच्या आत मी म्हटले, “पिवळं चमकतंय. वाटी गेली. आनंदा, इंजिन थांबव.”

आनंदाने इंजिन थांबवले. सगुणा फडके तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले आता विचारेल, तुम्हाला हे कोणी शिकवले. तिने विचारले नाही.

“म्हणजे ऐकलंत तुम्ही,” ती म्हणाली. “सगळं ऐकलंत.”

“काय ऐकलं?”

“थोरल्या बाई, इंजिन थंड असायचं, गिरणीत चिटपाखरू नसायचं, तरी ते मला ओरडून सांगायचे. रोज तेच तेच. मी काय बहिरी होते, की मठ्ठ होते? मला पहिल्या महिन्यातच पाठ झालेलं. ते दाराकडे तोंड करून बोलायचे. मी दिवा धरायला होते नुसती. मला फार राग यायचा तुमचा.”

मी तिला म्हटले, खोटे बोलू नकोस. ती म्हणाली, खोटे बोलायचे असते तर याहून गोड बोलले असते. मग तिने पाळे उचलले आणि वाटीवरचा गाळ खरवडायला बसली. मी पायरीवर बसले.

तिचे म्हणणे खरे असेल तर मालकांनी मला माझे इंजिन शिकवले आणि हातही काळे होऊ दिले नाहीत. पण म्हणून माझे मन तिच्याविषयी निवळले, असे कोणी समजू नये. ती उजेडात त्यांच्याजवळ होती, मी अंधारात दाराआड होते. त्यांचा आवाज मला मिळाला असेल, त्यांची बोटे तिला मिळाली. हे मी मेल्यावरही विसरणार नाही.

तथापि इंजिनाला हेवेदावे कळत नाहीत. त्याला रोज गाळलेले तेल लागते, आणि ते देणारे या घरात एकच माणूस आहे. सबब माझ्यामागे इंजिन व गिरणी सगुणा, त्र्यंबक राऊत यांची धाकटी बायको, हिची. तिने ती पूर्ण मालकीने वहिवाटावी, विकावी वा ठेवावी. नवी पितळी वाटी मी माझ्या चंद्रहारातून करवली आहे, म्हणजे हार मोडून आलेल्या पैशांतून. तिने ती झिजू देऊ नये.

कलम पाचवे. विश्रामने इंजिनाला हात लावू नये. त्याला गिरणीची बैलगाडी व दोन्ही बैल द्यावेत. बैल उपाशी राहिला तर ओरडतो, फडके बघावे लागत नाही.

कलम सहावे व शेवटचे. हे मृत्युपत्र गोपीनाथपंतांनी आपल्या पेटीत ठेवावे आणि माझे दिवसवार झाल्यावरच सगुणेला वाचून दाखवावे. तोपर्यंत तिला याची कुणकुण लागू देऊ नये. तिने इंजिनघरात पहिल्यासारखे राबावे आणि मी पहिल्यासारखी तिला बोलावे, यातच आमचे ठीक चालले आहे. सगळे तिला दिले, ते शुद्धीवर राहून दिले. पण ते ऐकून तिचा चेहरा खुललेला माझ्याने पाहवणार नाही.

हे लिहून ठेविले, वाचून दाखवले, कबूल.

मुक्काम कल्याण, मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१५, विजयनाम संवत्सरे, सन १८९३ इसवी.

रखमाबाई यांची निशाणी बांगडी, दस्तुर गोपीनाथपंत.

साक्ष
१. पोपट गोविंदा, भाताचे व्यापारी, कल्याण, सही.
२. आनंदा, बंबवाला, निशाणी अंगठा. मजकूर ऐकला, बाहेर बोलणार नाही.