सॅन्टनमामाचे डोळे

भुईगाव,
ता. २७ ऑक्टोबर १९५४

प्रिय निकोलसदादा,

तुला व वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. भुसावळचा उकाडा आता उतरला असेल. इकडे वाडीतल्या केळींना घड बरे लागलेत. विहिरीचा रहाट मोडला होता, तो बळीरामने नीट करून दिला. माझी तब्येत ठीक आहे. जेवण माझं मीच रांधतो, तेव्हा ते कसं असेल हे तुला सांगायला नको.

आईची तसबीर कधी देतोस, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस. आज त्याचंच उत्तर लिहायला बसलोय. पण जरा आडवाटेने येईन, कंटाळू नकोस.

आपला शेजारी सॅन्टनमामा आठ तारखेला गेला. तुला कळवलं नाही, कारण त्याचं नाव काढलं की तू उठून जातोस. गावात कोणी वारलं की निरोप घेऊन गावोगाव धावणारा तो, आणि तो वारला तेव्हा निरोप न्यायला कोणी पुढे होईना. शेवटी पाचूबंदरला त्याच्या सासुरवाडीला मीच सांगून आलो.

मुंबईत दोन वर्षं मी साबणाच्या जाहिरातींतल्या बायकांचे केस रंगवले आणि मग तेही काम सुटलं, हे तुला ठाऊक आहे. इथे परतल्यावर काय करतो, ते मात्र मी कधी धड लिहिलं नाही. दादा, मी मेलेल्यांचे डोळे उघडतो. आपल्याकडे बहुतेकांचा जन्मात एकच फोटो निघतो, शवपेटीत ठेवल्यावर, भोवती सगळं घर उभं करून. तो फोटो लोक माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, तसबीर करून दे, पण डोळे उघडे हवेत. मी विचारतो, डोळे कोणासारखे होते? कोणी लेकीचं नाव घेतं, कोणी भावाचं. मग त्या माणसाला समोर बसवून त्याचे डोळे काढतो. पाच वर्षं चित्रकला शिकलो ती यासाठी. बोंबलायचं कोणाच्या नावाने?

परवा डेल्फिनमामी नवऱ्याचा फोटो घेऊन आली. म्हणाली, "चर्चातल्या मिस्साच्या आदी दे. आनि डोळे असे काढ का ते समोर बघतील. सा वर्सं तो खालीच बघत व्हता."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर मला ब्रश धरता येईना.

आता जे लिहितो ते शेवटपर्यंत वाच. पत्र मध्येच फाडू नकोस.

सहा वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशी तू सॅन्टनमामाला मला आणायला मुंबईला पाठवलंस. चार वाजता तो एकटाच परत आला आणि म्हणाला, ॲन्सेल्म सापडला नाही. ताडी पिऊन कुठेतरी पडला असशील, असं म्हणून तू आईच्या पेटीसमोर, सगळ्यांदेखत, त्याच्या थोबाडीत दिलीस. त्या दिवसापासून गावाने त्याच्याकडे एकही निरोप दिला नाही.

मी त्याला सापडलो होतो.

साडेदहाला तो आर्ट स्कूलच्या वर्गाच्या दारात उभा होता, काखेत छत्री, पाय धुळीने भरलेले. डिप्लोमाची परीक्षा चालू होती. एका म्हाताऱ्याला मॉडेल म्हणून बसवलं होतं, शेवटचा दिवस होता आणि माझ्या चित्रातला चेहरा राहिला होता. मी बाहेर आलो. तो म्हणाला, "बाय गेली, ॲन्सू. चल." मी म्हटलं, मामा, थोडा थांब, आता उठलो तर पाच वर्षं फुकट जातील. तो आवारातल्या झाडाखाली बसून राहिला. दोन वाजता मी पुन्हा बाहेर गेलो. म्हटलं, तू जा, मी सापडलो नाही म्हणून सांग. तो म्हणाला, "मी आजवर निरोप चुकवला नाय रे." माझ्यासाठी एवढं कर, असं मी म्हटलं. तो उठला आणि गेला.

चार वाजता परीक्षा संपली. लगेच निघालो असतो, तर निदान मूठमातीला तरी सिमेटरीत पोचलो असतो. पण एकदा खोटं सांगायला लावलं होतं, ते खरं ठरवण्यासाठी मला रात्रभर मुंबईत राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी तू मला मिठी मारून रडलास आणि मीही रडलो. आणि त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याने मला मिळवून काय दिलं, तर दुसरा वर्ग.

त्याच संध्याकाळी सॅन्टनमामा कुंपणापलीकडे उभा होता. गाल सुजलेला. माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मी काही बोलतोय का, याची तो वाट बघत होता. मी घरात गेलो. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही आणि कोणापाशी तोंडही उघडलं नाही.

काल त्याचे डोळे काढून झाले. ते कोणाला विचारावे लागले नाहीत. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

मामासाठी महिन्याचा मिस्सा आठ नोव्हेंबरला आहे. तेव्हा मामीच्या दारात, सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे. माझा मलाच भरवसा नाही, म्हणून तुला आधी लिहिलं. आता मागे फिरलो तर तू तरी जाणशील. जमलं तर ये. मार तू दिलास, पण दोष माझा आहे.

राहिली आईची तसबीर. तिच्या फोटोत तुझ्या शेजारी माझ्यासाठी जागा रिकामी सोडली आहे, पाहिलंस ना? तीनदा कागद लावला आणि तीनदा काढून ठेवला. आई माझ्याकडे कशी बघायची ते मला आठवत नाही, दादा. डोळे मिटले की कुंपणापलीकडचा सॅन्टनमामाच दिसतो.

त्या दिवशी त्याला सापडलेला,
तुझा धाकटा भाऊ,
ॲन्सेल्म