मुंजाबाच्या ओढ्यावर माझं टर्बाइन

११ सप्टेंबर, पुंडलिकनगर
मुंजाबानं वस्तीवर लाईट आणली म्हणे. कॉलेजात माझा रूममेट. फर्स्ट इयरला दोनदा नापास. कन्नडच्या डोंगरात ओढ्याचं पाणी पाटानं वळवलं, टर्बाइन बसवलं, अकरा घरांत बल्ब. पेपरात फोटो. आईनं कापून फ्रीजवर लावला. माझी कथा आलेला अंक तिनं मिरच्या वाळवायला घेतला होता.

१२ सप्टेंबर
मला जळायचं काहीच कारण नाही. मी प्रयोगशील लेखक. माझ्या कादंबरीत एकही पात्र नाही.

तोच दिवस, दुपारी
मीपण टर्बाइन करणार. त्याच ओढ्यावर, त्याच्यापेक्षा मोठं. आईच्या तोंडून एकदाच ऐकायचंय, 'माझ्या पोरानं केलं.' बास.

१८ सप्टेंबर
वस्तीवर गेलो. ओढा कड्यावरून पडतो, ती जागा पक्की केली. मुंजाबाला दिसली कशी नाही? जागा हेरायला नजर लागते. खाली डोहात लोक मेंढरं धूत होते, लोकर कातरायची म्हणून. त्या गर्दीत पाणी मोजलं. एका सेकंदात बादली भरली! मुंजाबा आज पाण्याचं काहीतरी सांगायला लागला. मी म्हणलं, मला शिकवू नको. तो म्हणाला, "बरं बाबा, तू शिकलेला."

२४ सप्टेंबर
शहागंजातून जुना डायनॅमो आणला. दुकानदार म्हणाला, "भाई, एक बल्ब जलेगा." याला काय कळतंय.

२ ऑक्टोबर
संध्याकाळी उद्घाटन. आईला मुद्दाम नेलं. सगळी वस्ती जमली. कड्यावर पाणी बोटभर. चाक हलंना.
मुंजाबा कानात म्हणाला, "आरं, त्या दिवशी मेंढरं धुवायला मी पाटाचं दार लावलं व्हतं. एरवी पाणी पाटानंच जातं." मग कुणाला न सांगता वर पाटाच्या दाराकडे गेला.

३ ऑक्टोबर
खरं लिहितो. काल मुंजाबानं दार लावलं, पाणी कड्यावरून आलं, माझा बल्ब लागला. अकरा घरं अंधारात गेली. त्याची आजी बानाबाई आतून ओरडली, "आरं मुंजा, लाईट गेली रं! भाकर करपली माझी!" मी म्हणलं, आजी, बाहेर या, माझा लागलाय बघा. ती म्हणाली, "तुज्या उजेडात काय चूल मांडू?"
चार मिनिटांनी मुंजाबानं दार उघडलं. माझा विझला, घरांत लाईट आली.
तेव्हा टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात आईच्या.