सुटलेल्या घोडीची पावलं

आबा, आज दुबईजवळच्या रास अल खैमाच्या वाळूत एका म्हाताऱ्या अरबाची घोडी तपासली. तिचे पुढचे पाय दोरीने बांधलेले होते.

तुम्ही मेंढरांमागे बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरायचात, तेव्हा आपल्या घोडीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नवी कोकरं आणि सगळ्यांच्या वर मी. मुक्कामाला ओझं उतरवलं की तुम्ही तिचे पुढचे पाय सैल बांधून तिला चरायला सोडायचात. दोरीखाली दोन बोटं शिरली पाहिजेत, हे मी शाळेच्या आधी शिकले. आणि एक दिवस तुम्ही मलाच खाली उतरवलं. "आजपासनं तू चालायचं. ती गाभण हाय." मी दिवसभर रडत चालले. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत.

आता मी घोड्यांच्या डॉक्टरांची असिस्टंट आहे. पाय बांधायचे नाहीत, डोक्यावर सावली हवी, हे नियम मला पाठ आहेत आणि पटतातही. प्रत्येक घोड्यानंतर हात धुवायचे, मगच गाडीत बसायचं. मी दोनदा धुते. डॉक्टर हसतात.

म्हाताऱ्याबद्दल कुणीतरी तक्रार केली होती. जखम दिसली तर घोडी जप्त होऊन आजच ट्रेलरमध्ये चढणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तो हिंदीत सांगत होता, वडील तंबू घेऊन फिरायचे तेव्हापासून आमच्या घोड्या अशाच चरतात. "बेटी, इसको दीवार नहीं मांगता. चलना मांगता." मी वाळूत बसले. दोरीखाली माझी दोन बोटं शिरली. केस झडले होते, कातडी शाबूत होती. आपल्या घोडीच्या पायाला होतं तसंच बिनकेसांचं कडं. डॉक्टरांना मी जे होतं ते सांगितलं: जखम नाही, पण दोरी आजच निघायला हवी आणि महिन्याभरात कुंपण, सावली. ते ओके म्हणाले. घोडी राहिली. म्हाताऱ्याने दोरी सोडली, "खलास" म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं नाही. आमचीही एक होती, हे मला त्याला सांगायचं होतं, राहून गेलं.

घोडी सुटली, तरी दोरी असल्यासारखी आखूड पावलं टाकत चालली. आपली घोडीही सकाळी दोरी सोडल्यावर अशीच चालायची, आणि तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचात, "अगं, सुटलीस की." मीही म्हटलं, मराठीतच. तिथं कुणालाच कळलं नाही.

रूमवर आम्ही चौघी, प्रत्येकजणी आपापल्या फोनमध्ये. घरचं विचारलं तर मी शेती आहे म्हणते. तुमची घोडी आज माझ्यासमोर आली असती, आबा, तर तुम्हालाही मी दोरी सोडायला लावली असती. तुम्ही काय म्हणाला असता, ते आता तुमच्यामागे मला कुणाला विचारता येत नाही.

आज मी हात न धुताच गाडीत बसले. अजून धुतलेले नाहीत. घोडीचा वास आहे त्यांना.